पाडलेले पाच थर

३ तारीख, सोमवार

आज पहिली वीट लावली. वाकडी लागली. काढली, परत लावली. मग सरळ बसली म्हणून हे लिहायला घेतलं, नाहीतर वहीला हात लावला नसता.

वही पोरीची आहे. पुढची बारा पानं भूमितीची, बाकीची कोरी. गवंडीकाम शिकवणाऱ्या बाईंनी तीन महिन्यांच्या वर्गात एकच गोष्ट शंभरदा सांगितली, की हाताला जे कळलं ते रोज लिहून ठेवा, हात विसरभोळे असतात. वर्ग संपला, दाखला मिळाला, आणि पुढचे दोन महिने आम्ही चौघी तो दाखला नाचवत वणवण फिरलो. जो तो म्हणे, "बायका? या की, घमेली उचला. जागा आहे." अहो, घमेली तर सोळा वर्षं उचलतेच आहे! चुंबळ ठेवून ठेवून टाळूवरचे केस विरळ झाले. वीट आणून देणारी बाई सगळ्यांना चालते, वीट लावणारी म्हटली की ह्यांच्या पोटात दुखतं.

शेवटी पोरीच्या शाळेच्या मोठ्या बाई भेटल्या. शाळेत मुलींसाठी चार शौचालयं बांधायची आहेत. जोत्यापर्यंतचं काम मुकादमाच्या माणसांनी केलं, आणि मग जास्तीच्या कामाच्या लोभानं मुकादम रस्त्यापलीकडच्या इमारतीवर पळाला. मोठ्या बाई म्हणाल्या, "बावीस तारखेला तपासणीला साहेब येणार. भिंती पास झाल्या तर मागच्या दोन वर्गखोल्याही तुम्हीच बांधायच्या. नापास झाल्या तर मला परत मुकादमाच्या दारात जावं लागेल."

म्हणजे आम्हालाही. आम्हाला तर घमेलं घेऊन जावं लागेल.

४ तारीख, मंगळवार

हसावं की रडावं कळत नाही. चौघी मिस्त्री, आणि दिवसभरात थर किती झाले? एक!

झालं असं. आमच्यातल्या बडबडीनं सवयीप्रमाणे ऐकलं की कोणीतरी "माल" म्हणालं. म्हणणारी मीच होते, पण नुसती स्वतःशी पुटपुटले होते. तर बडबडी, लंबू आणि आमची मावशी, तिघी थाप्या टाकून कालवलेल्या वाळू-सिमेंटची तीन घमेली घेऊन माझ्यापुढे हजर. मग लंबूला विटा हव्या झाल्या तेव्हा मीही कधी उठून धावले मलाच कळलं नाही. कोणी बसलेलं असलं की दुसरीचे पाय शिवशिवतात. सोळा वर्षांत बसून काम करायची सवयच नाही ना! मावशीला तर पंचवीस झाली. रस्त्यापलीकडून मुकादमाची माणसं बघत होती आणि दात काढत होती.

संध्याकाळी नियम केला. रोज एकीनं बिगारी व्हायचं, पाळीपाळीनं. बाकी तिघींनी घमेल्याला हात लावायचा नाही. जी लावेल तिनं सगळ्यांना चहा पाजायचा.

५ तारीख, बुधवार

मावशीनं चहा पाजला. दोनदा.

६ तारीख, गुरुवार

चार थर. कोपरा मी उचलला, म्हणजे खालून वर बांधत नेला. ओळंबा सोडला तर दोरी विटांना अगदी लगटून राहिली, मध्ये बोटभरसुद्धा फट नाही. मला इतका आनंद झाला की घरी जाऊन सांगितलंच.

पण सांगायचं कोणाला? आमचे हे स्वतः मिस्त्री. साधेसुधे नाहीत, ह्यांनी लावलेला कोपरा बघायला दुसऱ्या कामावरचे गवंडी येत. दोन वर्षांपूर्वी परांचीवरून पडले. परांचीचं आडवं लाकूड भिंतीतल्या ज्या भोकात टेकवलं होतं तिथली वीटच निसटली. मी त्याच कामावर होते, खाली माल देत होते. माझ्या डोळ्यांसमोर पडले. तेव्हापासून उजवा हात खांद्याच्या वर जात नाही आणि माणूस घरात बसला.

मी म्हटलं, "अहो, आज कोपरा उचलला." हे म्हणाले, "हं." मी म्हटलं, "ओळंब्यात आहे." हे म्हणाले, "मीठ दे."

भिंतीशी बोललं असतं तर बरं झालं असतं, निदान ती मी लावलेली तरी आहे.

पोरीचं वेगळंच. शाळेच्या आवारात माझ्याकडे बघतच नाही. मैत्रिणी बरोबर असल्या की पलीकडून वळसा घालून जाते. नववीतली मुलगी, कळतं मला. पण लागतं.

९ तारीख, रविवार

नव्या भिंतीला रोज दोनदा पाणी मारायचं असतं, नाहीतर सिमेंट पक्कं होत नाही. आज सुट्टी, म्हणून कपडे धुऊन जरा उशिरा गेले. बघते तर काय, भिंत चिंब! वरपासून खालपर्यंत, कोपऱ्यासकट, नीट सावकाश मारलेलं पाणी. शाळेच्या शिपायानंच मारलं असणार. त्याला म्हटलं, "भाऊ, तुमचे उपकार झाले." तो माझ्याकडे बघतच राहिला. किती साधा माणूस! केलेलं बोलूनही दाखवत नाही.

घरी आले तर आमचे हे दारात बसलेले, विजार गुडघ्यापर्यंत ओली. हाताला बरं वाटतं म्हणून सकाळी फिरायला जातात, आणि जातात ते कुठल्या डबक्यातून जातात कुणास ठाऊक. म्हटलं, "धुणारी मी आहे म्हणून बरं."

१२ तारीख, बुधवार

आज माझं डोकं असं चाललं की काय सांगू!

बिगारीची पाळी बडबडीची होती आणि तिची कंबर धरलेली. म्हटलं, उगाच दर तासाला कालवत बसायला नको, दिवसभराचा माल सकाळीच कालवून टाकू. टाकला. मागच्या भिंतीला हात घालणार तेवढ्यात मोठ्या बाईंनी बोलावलं, दारांची मापं ठरवायला. तिथून निघायला दुपार झाली. येऊन बघते तर ढीग घट्ट होत आलेला, थापी रुतेना. लंबू म्हणाली, "गेला हा." मी म्हटलं, गेला कसा? सिमेंट काय आभाळातून पडतं? दोन बादल्या पाणी ओतलं, फावड्यानं उलटापालटा केला, पुन्हा लोण्यासारखा मऊ! एक घमेलंसुद्धा वाया जाऊ दिलं नाही. मागच्या भिंतीचे पाच थर उठवले. एका दुपारीत पाच! मावशी म्हणाली, "तू मुकादमाचीही मुकादम आहेस."

घरी हे सगळं रंगवून सांगितलं. ह्यांचा हात ताटातच थांबला. म्हणाले, "कालवला किती वाजता?"

"नवाला."

"आणि लावला?"

"दोननंतर. का?"

"काही नाही," म्हणाले, आणि अर्धं ताट तसंच ठेवून चपला घालून बाहेर. घरात एवढी चांगली गोष्ट सांगावी तर ह्यांची भूक मरते. आता "मला कमीपणा वाटतो" म्हणून सांगून मोकळे व्हा ना, घरात कोण परकं आहे?

१३ तारीख, गुरुवार

आज खूप लिहायचं आहे. अक्षर कसं येईल ते येवो.

सकाळी गेले तर मागच्या भिंतीत, कालच्या थरात, एक खिळा. दोन विटांच्या मधल्या सांध्यात रुतवून ठेवलेला. मुकादमाच्या माणसांचा चावटपणा म्हणून मी तोंडाचा पट्टा सोडला. शिव्या देत देत खिळा ओढला, तर खिळ्याबरोबर माल बाहेर आला. भुरभुर. नुसती वाळू. अंगठा घातला तर अंगठ्यानं निघाला. पुढच्या भिंतीला, परवाच्या थराला, तोच खिळा घासला, तर ओरखडासुद्धा नाही.

एकदा घट्ट व्हायला लागलेलं सिमेंट पाणी ओतलं तरी परत जिवंत होत नाही, हे बाईंनी वर्गात सांगितलं होतं. वर्गातल्या माझ्या वहीत, आठव्या पानावर, माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे: "शिळा माल वापरायचा नाही." लिहिलं डोक्यानं, आणि पाणी ओतलं हातानं.

हाताला कोणी शिकवलं? मुकादमानं. त्याच्या कामावर जेवणाच्या सुट्टीनंतर रोज हेच. ढीग घट्ट झाला की वरून आरोळी यायची, "पाणी मार आणि दे!" सोळा वर्षं पाणी मारलं आणि दिलं. घमेलं वर गेलं की आपला संबंध संपला.

तिघींना दाखवलं. बडबडीची वाचा बसली, हे आयुष्यात पहिल्यांदा. मावशी म्हणाली, "वरून गिलावा होणार आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची. साहेबाला काय स्वप्न पडणार आहे?" लंबू म्हणाली, पाडलं तर दोन दिवस जातात, बावीसला काम पुरं होणार नाही, आणि पाडताना सगळं गाव बघेल. दोघींचंही खरं होतं. मीही दहा मिनिटं तेच मनात म्हणत होते. खोटं कशाला लिहू.

मग मधली सुट्टी झाली. पोरी बाहेर आल्या. दोघी-तिघी आमच्या पुढच्या भिंतीला पाठ टेकून उभ्या राहिल्या, खाऊ खात, खिदळत. त्यांत माझी पोरगी नव्हती, ती नेहमीसारखी लांब. पण कोणाच्या तरी पोरी होत्याच ना.

मी कुदळ उचलली. म्हटलं, "कालचे पाच थर माझ्या सांगण्यावरून लागले. पाडते मी. तुम्ही नाही आलात तरी चालेल."

पहिली वीट निघायला हातोडासुद्धा लागला नाही. हलवली आणि आली. तशीच दुसरी. तिसरी हातात आली आणि मी थांबले. अशीच वीट मी आधी पाहिली होती. चारही बाजूंनी स्वच्छ, मालाचा कण चिकटलेला नाही. परांचीखाली पडली होती, ह्यांच्या शेजारी. त्या दिवशीही दुपारच होती. त्या दिवशीही आरोळी आली होती. आणि त्या दिवशी पाणी मारून माल दिला होता मी.

मी खाली बसले. तिघींना वाटलं भिंतीसाठी रडते आहे. मावशी कुदळ घेऊन वर चढली.

दिवेलागणीला घरी गेले आणि चपलासुद्धा न काढता विचारलं, "अहो, तुम्ही पडलात तेव्हाचा माल..."

"दुपारचा होता," हे म्हणाले.

"तुम्हाला माहीत होतं?"

"दवाखान्यात पडल्या पडल्या कळलं."

"मी दिला होता."

"तूच दिला होतास."

"मग दोन वर्षं तोंड का नाही उघडलंत?"

ह्यांनी उजवा हात उचलून मांडीवर ठेवला. मग म्हणाले, "उघडलं असतं तर तू थापी हातात धरली असतीस का?"

मी तेव्हा कुठे चपला काढल्या आणि समोर बसले. हेच पुढे म्हणाले, "आणि खरं सांगू का? माल आणणाऱ्याची चूक नसते, लावणाऱ्याची असते. मिस्त्रीनं माल आधी हातात घेऊन बघायचा असतो. मी बघितला नाही. घाई होती. बाई देतेय, घे आणि लाव. एवढंच."

दोन वर्षांत हा माणूस एवढं बोलला नव्हता. मी रडले, मग जेवले. ह्यांनी ताट वाढलं, डाव्या हातानं.

१४ तारीख, शुक्रवार

मुकादम आला. येणारच होता. कमरेवर हात ठेवून उभा. म्हणाला, "वा! बायकांनी बांधलं, बायकांनीच पाडलं. करमणूक फुकट."

एरवी मी त्याला चार शब्द सुनावून पाठवलं असतं. आज शांतपणे म्हटलं, "मुकादम, तुमच्या किती भिंती तुम्ही स्वतः पाडल्यात?"

"एकही नाही!" छाती काढून.

"मला वाटलंच होतं," म्हटलं, आणि विटा खरवडायला बसले.

सोळा वर्षांत माझ्या हातून चूक झाली की मुकादम मिस्त्रीला शिव्या द्यायचा आणि मिस्त्री मला. चूकसुद्धा कधी माझ्या मालकीची नव्हती. ही आहे. भर उन्हात पाडली, सगळ्यांसमोर पाडली. लाज वाटायला हवी होती. वाटली, पण मान खाली गेली नाही. हे कसं ते मला सांगता येणार नाही.

खिळा मात्र कोणी ठेवला ते अजून कळलेलं नाही. मुकादमाच्या माणसांनीच, दुसरं कोण! चावटपणा करायला गेले आणि माझं भलं करून बसले. मी तो खिळा पिशवीत ठेवला आहे.

१५ तारीख, शनिवार

पाचही थर परत लागले. माल दर तासाला ताजा, उरला तर सरळ टाकायचा. टाकताना मावशीनं तोंड फिरवलं, तिला बघवेना.

मोठ्या बाईंना जाऊन सगळं सांगितलं. चष्मा काढून पुसला, म्हणाल्या, "बावीस तारीख बदलणार नाही हं." म्हटलं, बदलू नका.

१६ तारीख, रविवार

सुट्टी घेतली नाही. सकाळी भिंत आधीच ओली. शिपाईभाऊंसाठी घरून डबा नेला. तो म्हणाला, "ताई, कशाबद्दल?" म्हटलं, "असू द्या, असू द्या."

१९ तारीख, बुधवार

दारांवरच्या सिमेंटच्या आडव्या फळ्या बसल्या. आता परांचीवर उभी राहून काम. ज्या भोकात लाकूड टेकलं होतं तिथली वीट आधी खिळ्यानं तपासली, मग पाय ठेवला.

खाली बघते तर पोरगी. एकटीच उभी, दप्तर छातीशी धरून. म्हणाली, "आई, घट्ट धर." म्हटलं, "तू वर्गात जा." गेली, पण तीनदा मागे वळून बघितलं.

२१ तारीख, शुक्रवार

संपलं. शेवटची वीट चौघींनी मिळून लावली, म्हणजे लावली लंबूनं, तिचाच हात पोचला. अंगाचं पार पीठ झालं आहे. उद्या घोडामैदान.

२२ तारीख, शनिवार

साहेब अकराला आले. गाडीतून उतरले, भिंतीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "मिस्त्री कुठे आहे?"

आम्ही चौघींनी मागे वळून पाहिलं. खरंच! चौघींनी एकदम. मागे कोणीच नव्हतं, फक्त पाण्याचं पिंप. मग लंबूनं मला कोपरानं ढोसलं. मी पुढे झाले. म्हटलं, "मी."

साहेबांनी ओळंबा सोडला, चारही कोपऱ्यांवर. पातळी लावली. गुण्या लावून काटकोन बघितले. मागच्या भिंतीपाशी थांबले. तिथे खालच्या आणि वरच्या थरांचा रंग जरा वेगळा दिसतो, जाणत्याला कळतो.

"इथे काय झालंय?"

मावशीनं माझ्याकडे असं बघितलं की गप्प राहा. मी म्हटलं, "पाच थर पाडून परत बांधलेत, साहेब. माल शिळा होता."

"कोणी सांगितलं पाडायला?"

"कोणी नाही. भिंत माझी आहे."

त्यांनी खिशातून किल्ली काढली, घासायला. मी म्हटलं, "थांबा, खिळा आहे," आणि पिशवीतून काढून दिला. त्या सांध्यावर त्यांनी जोर लावून खिळा घातला. खिळा वाकला. दुसरीकडे घातला. पुन्हा वाकला. साहेबांनी वाकडा खिळा माझ्या हातात ठेवला, कागदावर सही केली आणि मोठ्या बाईंना विचारलं, "ह्या मिस्त्री मागच्या खोल्या कधी सुरू करतायत?"

ह्या मिस्त्री! बडबडीनं तर तिथेच मावशीला उचललं.

सुट्टी झाली तेव्हा पोरगी मैत्रिणींचं अख्खं टोळकं घेऊन आली. कोपऱ्यावर हात ठेवून म्हणाली, "हा माझ्या आईनं उचललाय. ओळंबा लावून बघा हवं तर." ओळंबा म्हणजे काय ते त्या पोरींना काय ठाऊक! पण मला जरा पाण्याच्या पिंपामागे जाऊन तोंड धुवावं लागलं.

घरी आल्यावर ह्यांना वाकडा खिळा दाखवला. हातात घेऊन उलटसुलट बघितला, आणि दोन वर्षांत पहिल्यांदा मोठ्यानं हसले. म्हणाले, "माझ्या पेटीतले खिळे असेच, हलके. नवे आणायला हवेत." ह्यांच्या पेटीचा इथे काय संबंध, देव जाणे. आनंदानं माणूस काहीही बोलतो.

२७ तारीख, गुरुवार

वर्गखोल्यांचं काम सुरू. काम मोठं, पाळीपाळीनं बिगारी होणं आता परवडणारं नाही. मोठ्या बाई म्हणाल्या, एक बिगारी ठेवा. कालपासून शोधतो आहोत. जो पुरुष येतो तो विचारतो, मिस्त्री कोण, आणि ऐकून परत जातो.

आज सकाळी मी दोरी ताणून खाली वाकले होते. मागून आवाज आला.

"मिस्त्री, माल कुठे टाकू?"

वळून बघितलं. आमचे हे. डोक्यावर माझी जुनी चुंबळ, चुंबळीवर घमेलं, डावा हात घमेल्याला, उजवा खाली. आवारात सगळे थांबले. रस्त्यापलीकडे मुकादमाच्या कामावरचेही थांबले. त्यांतले निम्मे ह्यांच्या हाताखाली शिकलेले. माझ्या तोंडून "अहो, हे काय" एवढंच निघालं.

हे हलले नाहीत. नजर सरळ समोर, बिगारीनं ठेवावी तशी. फक्त ओठाच्या कोपऱ्यात जरासं हसू.

मग मला कळलं की उत्तर द्यायचं आहे. मी जवळ गेले, घमेल्यात हात घातला, मूठभर माल घेतला, दाबला, बोटांत चोळून बघितला. ताजा होता.

म्हटलं, "टाका इथे."

त्यांनी टाकला, आणि मी लावायला घेतला.